मिठीकांठचीं विमानघरें

कापसाच्या हंगामांत यवतमाळच्या जिनिंग कारखान्यांशेजारून जाणाऱ्या माणसाला पत्र्याच्या प्रचंड छपराचें नवल वाटत नाहीं. रुई सांठविण्यासाठीं बांधलेलीं तीं गुदामें वर्षानुवर्षें तेथें उभीं असतात. त्यांच्याकडे मान वर करून पाहण्याची कोणास गरज भासत नाहीं. परंतु असेंच एखादें छप्पर कल्पनेनें कितीतरी रुंद करावें, त्याच्या पोटांतला एकूण एक खांब काढून टाकावा, आणि समोरची संपूर्ण भिंत रुळांवरून बाजूस सरकणाऱ्या दारांची करावी, म्हणजे जें डोळ्यांसमोर उभें राहील त्याला विमानघर म्हणतात. त्याचा प्रचलित शब्द 'हँगर' हा फ्रेंच भाषेंतून इंग्रजींत व तेथून मराठी माणसाच्या बोलण्यांत आला; आणि मूळ फ्रेंच भाषेंत त्याचा अर्थ गाड्या अगर अवजारें ठेवण्याची साधी छपरी एवढाच होता.

मुंबईच्या उपनगरांत सांताक्रूझ येथें, मिठी नदीच्या कांठच्या सपाटीवर, दुसऱ्या महायुद्धांत अशीं विमानघरें उभीं राहिलीं. त्यांपैकीं दोहोंच्या वांट्यास पुढें जें भाग्य आलें, तें त्यांच्या बांधणाऱ्यांच्या स्वप्नांतहि नसेल. युद्धाच्या निकडीनें घातलेलीं तीं छपरें युद्ध संपल्यावर ओस पडलीं. आणि लगेच, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आलेल्या एका विशाल देशाच्या पश्चिम दरवाजाचें काम त्यांच्याकडे आलें. परदेशास जाणारा प्रवासी ज्या दारांतून बाहेर पडला आणि परदेशांतून येणाऱ्यानें ज्या दारांतून हिंदुस्थानांत पहिलें पाऊल टाकलें, तें दार मूळचें लष्करी विमानांसाठीं केलेलें होतें. या हकीकतींत कौतुक करण्यासारखें पुष्कळ आहे, आणि विचार करावयास लावणारी एक गोष्टहि आहे. ती गोष्ट शेजारच्या नदीची आहे.

विमानाला घर कशाला हवें, असा प्रश्न कोणी विचारील. गलबतें जन्मभर पाण्यांत राहतात, बैलगाड्या अंगणांत उघड्यावर पडून असतात. परंतु विमानाचें शरीर या दोहोंहून नाजूक. भार हलका राहावा म्हणून पहिल्या पिढींतील विमानें लांकडाच्या किंवा बारीक नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणून केलेलीं असत, आणि तें कापड ताठ राहावें, पाणी पिऊं नये, म्हणून त्यावर रोगणाचे हात देत. उन्हानें तें रोगण तडके, पावसानें लांकूड फुगे, आणि वावटळ सुटली तर बांधून न ठेवलेलें विमान कागदी होडीसारखें उलथून पडे. पुढें धातूचीं विमानें आलीं तरी छपराची गरज संपली नाहीं. कारण ठराविक तासांच्या उड्डाणानंतर इंजिन उघडून तपासावें लागतें, आणि तें काम धुळींत व पावसांत होत नाहीं. शिवाय डकोटासारख्या विमानाचे पंख या टोंकापासून त्या टोंकापर्यंत ९५ फूट भरतात. एवढी वस्तु आंत घ्यावयाची तर मध्यें खांब चालत नाहीं. छपराचा सगळा भार पोलादी कैच्यांवर तोलून दोन्ही कडांच्या आधारांवर न्यावा लागतो. विमानघर बांधणाऱ्याचें सारें कौशल्य त्या एका रिकाम्या जागेंत असतें.

हवामानाचा हा धाक खरा होता, याचें प्रत्यंतर युद्धकाळांतच आलें. पुण्याजवळ लोहगांव येथें १९३९ सालीं मुंबईच्या हवाई संरक्षणासाठीं तळ उभारण्यांत आला होता. तेथें आलेल्या विमानांत 'मॉस्किटो' नांवाचें अत्यंत वेगवान विमान होतें. त्याचें अंग लांकडाच्या पातळ पडद्यांचें, सरसानें चिकटवून केलेलें. हें विमान हिंदुस्थान व ब्रह्मदेश यांच्या उन्हापावसांत आलें, तेव्हां त्याच्या कांहीं नगांचे सांधे सुटूं लागले. आणि १९४४ च्या अखेरीस तपासणी होईपर्यंत तीं विमानें जमिनीवर थोपवून धरावीं लागलीं. चौकशींत कारखान्यांतील चिकटकामाचेहि दोष निघाले. तथापि लांकडी विमानाला या देशांत सावली किती मोलाची आहे, हेंहि त्या प्रसंगानें दाखवून दिलें.

विमानघराइतकीच महत्त्वाची दुसरी वस्तु म्हणजे त्याच्यापुढची जमीन. विमानाला सपाट, मोकळी, झाडें व टेकड्या यांचा अडथळा नसलेली भूमि लागते. आणि अशी भूमि निसर्गांत बहुधा नदीनेंच करून ठेवलेली असते. शेंकडों पावसाळ्यांच्या पुरांनीं गाळ आणून पसरावा आणि त्याची थाळीसारखी समतल मांडणी व्हावी, हा नदीचा जुना उद्योग. हिंदुस्थानांत विमानानें टपाल नेण्याचा पहिला प्रयोग झाला, तोहि नदीच्या कांठींच. १८ फेब्रुवारी १९११ रोजीं आंरी पेके या फ्रेंच वैमानिकानें अलाहाबादच्या प्रदर्शनाच्या मैदानावरून सुमारें साडेसहा हजार पत्रें घेऊन यमुना ओलांडली आणि नैनी येथें नेऊन उतरविलीं. अंतर सहा मैलांच्या आंतबाहेरचें. जगांतील कितीतरी विमानतळ असे नदीकांठीं वसले आहेत. मात्र या सोयरिकींत एक पेंच आहे. जी सपाटी विमानाला हवीशी वाटते, ती पुराच्या पाण्यानें घडविलेली असते. आणि ज्यानें ती घडविली तो पुन्हा केव्हां तरी तेथें येणार, हें गृहीत धरूनच तेथें बिऱ्हाड करावें लागतें.

मुंबईची हवाई कथा मूळची सांताक्रूझची नाहीं. ती जुहूची आहे. तेथें १९२८ सालीं समुद्राकांठच्या मोकळ्या जागेवर विमानतळ झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा 'पस मॉथ' जातीच्या लहानशा विमानांतून टपालाची थैली घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादेस थांबून जुहूस उतरले. तेथून तें टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं बल्लारीमार्गें मद्रासेस नेलें. या सेवेचें जुहूवरील पहिलें बिऱ्हाड झावळ्यांनीं शाकारलेल्या एका झोंपडींत होतें. पण पावसाळा लागला कीं जुहूच्या जमिनीचा चिखल होई आणि सारा कारभार पुण्यास हलवावा लागे. मुंबईसारख्या महानगराला बारमाही विमानतळ नव्हता, असा याचा सरळ अर्थ होता. शांततेच्या काळांत ही उणीव राहिली ती राहिलीच. ती भरून निघाली युद्धामुळें.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजीं सिंगापूर पडलें. ८ मार्चला रंगून गेलें. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यांत जपानी विमानांनीं कोलंबोवर हल्ला केला, आणि ६ एप्रिल रोजीं विशाखापट्टण व काकिनाडा येथें बाँब पडले. तोंपर्यंत हिंदुस्थान सरकारची लष्करी दृष्टि पिढ्यान्‌पिढ्या वायव्य सरहद्दीकडे लागलेली होती. आतां पूर्वेचें आकाश उघडें पडलें होतें आणि देशांत पुरेशीं विमानें नव्हतीं; विमानें येतील तर तीं उतरविण्यास पुरेशा जागाहि नव्हत्या. दोनशेंहून अधिक विमानतळांचा आराखडा तातडीनें हातीं घेण्यांत आला. विदर्भांतहि त्याची चाहूल लागली. नागपुराजवळ सोनेगांव येथें १९१७-१८ च्या सुमारास, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, लष्करी विमानांसाठीं तळ झालेला होता; दुसऱ्या महायुद्धांत त्याची डागडुजी होऊन तो लांबच्या वाटेवरचा मुक्काम म्हणून पुन्हा नांदता झाला.

सांताक्रूझचा तळ १९४२ चा. सुमारें १,५०० एकर जमीन, तींत एकमेकींना छेदणाऱ्या तीन धांवपट्ट्या, आणि मोठ्या धांवपट्टीच्या दक्षिणेस विमानें उभीं करण्याचें फरसबंद आंगण; अशी त्याची मांडणी होती. जुहूच्या मानानें हा विस्तार कितीतरी मोठा. पश्चिमेस सांताक्रूझ व विलेपार्लें, दक्षिणेस कलिना, पूर्वेस कुर्ला व मरोळ, अशा गांवांच्या मधली ही साष्टीची सखल भूमि. तिच्या अंगाखांद्यावर भातखाचरें पसरलेलीं, आणि कडेनें मिठी नदी वाहणारी. युद्धकाळांत हिंदुस्थानांतील विमानतळांचें काम बहुतेक ठिकाणीं यंत्रांपेक्षां माणसांच्या हातांनींच झालें. डोक्यावर पाटी घेऊन माती व खडी वाहणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या रांगा, दगड फोडणारे, धुम्मस करणारे, यांच्या कष्टांनीं त्या धांवपट्ट्या सजल्या. ज्या विमानांत बसण्याचें त्यांच्या नशिबीं नव्हतें, त्या विमानांची वाट त्यांनीं बांधली.

त्या काळच्या लष्करी विमानघरांचा एक विशेष ध्यानांत घेण्यासारखा आहे. तीं बहुधा कायमचीं म्हणून बांधलेलीं नसत. उदाहरणार्थ, इंग्लंडच्या हवाई खात्यानें १९३६ सालीं 'बेलमन' नांवाचा एक नमुना तयार करविला. त्याचे पोलादी भाग कारखान्यांत एकसारखे ओतून-कापून तयार ठेवलेले असत; जहाजांतून हवे तेथें न्यावे, बोल्ट आवळून जोडावे, वर पत्रे घालावे, आणि गरज संपली कीं पुन्हा सोडवून दुसरीकडे न्यावे, अशी त्यामागील योजना. डझनभर माणसें थोड्या दिवसांत तें उभें करूं शकत. पडद्याचा तंबू आणि विटांची इमारत यांच्या मधला हा पोलादी तंबूच म्हणावा. युद्धांतील विचार असा असतो: आज उभें राहिलें पाहिजे, उद्यां काय होईल तें उद्यां पाहतां येईल. १९४२ सालच्या संकटांत हा विचार योग्यच होता. अडचण एवढीच कीं, अशा घाईच्या वस्तूंना कायमचें होऊन बसण्याची खोड असते.

तीच खोड सांताक्रूझला दिसली. १९४५ सालीं युद्ध संपलें. ब्रिटिश हवाई दलाच्या तुकड्या हळुहळू परतूं लागल्या, आणि १९४६ सालीं हा तळ मुलकी विमानखात्याच्या स्वाधीन करण्यास आरंभ झाला. तेव्हां नागरी प्रवाशांसाठीं तेथें इमारत नव्हती. होतीं तीं हवाई दलानें मोकळीं केलेलीं दोन जुनीं विमानघरें. त्यांतील एक देशांतल्या प्रवासासाठीं आणि दुसरें परदेशच्या प्रवासासाठीं, अशी वांटणी करण्यांत आली. आंतल्या त्या प्रचंड रिकाम्या जागेंत दोन्ही बाजूंस जकात व पासपोर्ट यांच्या तपासणीचे कट्टे मांडले, आणि मध्यभागीं प्रवाशांना बसण्याची जागा केली. एअर-इंडिया कंपनीनें आपल्या प्रवाशांसाठीं त्यांच्या लगत स्वतंत्र व्यवस्था ठेवली. जेथें कालपर्यंत इंजिनें उघडून ठेवलीं जात, तेथें आतां ट्रंका व वळकट्या उघडून ठेवल्या जाऊं लागल्या. खांब नसलेल्या जागेचा हा लाभ अनपेक्षित होता. विमानासाठीं जी मोकळीक केली, ती माणसांच्या गर्दीलाहि तितकीच सोयीची ठरली.

युद्धाचा वारसा केवळ छपरांपुरता नव्हता. छपराखालीं येणारीं विमानेंहि युद्धाचींच होतीं. अमेरिकन सैन्यानें मागें ठेवलेलीं डकोटा विमानें शिल्लक माल म्हणून स्वस्तांत विकलीं गेलीं, आणि त्यांच्या बळावर १९४६-४७ सालीं हिंदुस्थानांत एकामागून एक विमान कंपन्या निघाल्या. तीं विमानें प्रवासी वाहतुकीस योग्य करण्याचें बरेंचसें काम बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यांत झालें. तो कारखाना १९४० च्या डिसेंबरांत काढणारे शेठ वालचंद हिराचंद हे सोलापूरचे. युद्धांत तो सरकारनें ताब्यांत घेतला, अमेरिकन सैन्याच्या विमानांची तेथें दुरुस्ती झाली, आणि त्या धांदलींत शेंकडों हिंदी कारागिरांचे हात विमानाच्या कामांत तयार झाले. छप्पर, विमान आणि कारागीर, या तिन्ही गोष्टी युद्धानें शांततेच्या पदरांत टाकल्या. टाटा एअरलाइन्सचें एअर-इंडिया या सार्वजनिक कंपनींत रूपांतर झालें तें २९ जुलै १९४६ रोजीं, याच संधिकाळांत.

आरंभीं सांताक्रूझला दिवसाकांठीं नागरी विमानांच्या अवघ्या सहा फेऱ्या होत. दोन छपरें तेवढ्यांना पुरत होतीं. परंतु १९४७ च्या ऑगस्टांत देशाची फाळणी झाली आणि कराची परदेशांत गेली. तोंपर्यंत युरोपांतून हिंदुस्थानांत येणाऱ्या विमानांचें पहिलें द्वार कराची हें होतें. टाटांचें पहिलें टपालहि तेथूनच निघालें होतें. आतां तें द्वार मुंबईस आणावें लागलें. त्याच वर्षीं निर्वासितांची ने-आण करण्यास डकोटा विमानें धांवत होतीं. आणि २७ ऑक्टोबर १९४७ रोजीं श्रीनगरला सैन्याची पहिली तुकडी उतरविण्यास खाजगी कंपन्यांचीं डकोटा विमानेंहि उपयोगीं पडलीं. १९४९ सालापर्यंत सांताक्रूझवरील फेऱ्यांची संख्या सहावरून चाळीसपर्यंत गेली. रात्रीं विमान उतरविण्यासाठीं नभोवाणीचे मार्गदर्शक संकेत व धांवपट्टीवरील दिव्यांच्या रांगा यांची सुधारलेली व्यवस्था करण्यांत आली. मात्र प्रवाशाच्या डोक्यावरचें छप्पर तेंच राहिलें.

त्या आवारानें एक मोठा दिवस पाहिला. ८ जून १९४८ रोजीं 'मलबार प्रिन्सेस' नांवाचें लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचें विमान मुंबईहून निघालें आणि कैरो व जिनीव्हा येथें थांबत लंडनला गेलें. स्वतंत्र भारताच्या विमान कंपनीची युरोपला जाणारी ती पहिली फेरी. त्या विमानाचे पंख १२३ फुटांचे होते. चार इंजिनें, माशासारखें कमानदार अंग, तीन शेपट्या. सोळा वर्षांपूर्वीं झावळ्यांच्या झोंपडीशेजारीं उतरलेलें एका माणसाचें विमान आणि हें विमान यांच्यामधील अंतर मोजतांना, मध्यें युद्धाचीं सहा वर्षें पडलीं होतीं हें विसरून चालत नाहीं. एरवीं जी प्रगति पंचवीस वर्षांत झाली असती, ती त्या सहा वर्षांत झाली. तिची किंमत जगानें कोणत्या नाण्यांत दिली, हें सांगण्याची आवश्यकता नाहीं.

या साऱ्याचा यवतमाळच्या घराशीं काय संबंध, असें वाटेल. संबंध पोस्टमनच्या थैलींतून आला. १९४९ च्या जानेवारी अखेरीस रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांतून रात्रीं टपालाचीं विमानें निघत, मध्यरात्रीनंतर नागपूरच्या सोनेगांव तळावर एकत्र येत, आपापसांत थैल्या बदलीत आणि पहांटेपर्यंत आपापल्या गांवीं परतत. चारही दिशांना नागपूर मध्यावर पडतें, हें त्याचें भौगोलिक भाग्य युद्धांतील मुक्कामाला उपयोगीं पडलें होतें. तेंच आतां पत्रांना उपयोगीं पडलें. सायंकाळीं मुंबईस टाकलेलें पत्र दुसऱ्या दिवशीं सकाळीं कलकत्त्यास पोंचूं लागलें. ही सेवा १९७३ पर्यंत चालली. युद्धानें सुधारलेले दोन तळ, एक मिठीकांठचा व एक सोनेगांवचा, रात्रीच्या अंधारांत अशा रीतीनें पत्रांच्या धाग्यानें जोडले गेले. आणि नागपूरच्या शेजारचे जिल्हे त्या चौरस्त्याच्या अगदीं जवळ आले.

सांताक्रूझच्या नव्या इमारतीचें काम १९५० सालीं सुरू झालें आणि १९५८ सालीं ती वापरांत आली. म्हणजे दोन लष्करी छपरांनीं मुंबईचें विमानद्वार म्हणून जवळजवळ बारा वर्षें सेवा केली. लष्करानें जितकीं वर्षें तीं वापरलीं त्याच्या दुपटीहून अधिक. पुढें धांवपट्टीच्या दक्षिणेकडील त्या भागाला 'जुना विमानतळ' असेंच नांव पडलें, आणि विमानांच्या डागडुजीचीं विमानघरें तेथें नांदूं लागलीं. छपराचें मूळ काम छपराकडे परत गेलें. त्या बारा वर्षांत तेथून किती विद्यार्थी शिकावयास गेले, किती व्यापारी व राजदूत आले, किती आयांनीं त्या पत्र्याच्या सावलींत डोळे पुसले, याची मोजदाद कोणी ठेवीत नसतो. गरीब देशानें हाताशीं असलेली वस्तु मोडून न टाकतां तिच्यांतून काम काढून घेतलें, ही गोष्ट निःसंशय अभिमानाची आहे.

आतां त्या नदीकडे वळावयास हवें. मिठी ही काहीं पुराणांत गाइलेली नदी नाहीं. साष्टी बेटांतील विहार व पवई या दोन तलावांच्या सांडव्याचें पाणी घेऊन ती निघते आणि साकीनाका, कुर्ला, धारावी अशा वस्त्यांजवळून जात माहीमच्या खाडींत समुद्राला मिळते. तिची सारी लांबी अठरा किलोमीटरांच्या, म्हणजे अकरा मैलांच्या आसपास. वर्षांतील आठ महिने तिच्याकडे कोणी लक्ष देऊं नये अशीच ती असते. परंतु विमानतळ तिच्या पुराच्या मैदानांत वसला. आणि १९४२ सालीं जें चार-पांच वर्षांच्या गरजेसाठीं निवडलें, त्याच जागेवर पुढच्या प्रत्येक पिढीनें भर घातली. जेट विमानें आलीं, त्यांना लांब धांवपट्टी हवी झाली. मुख्य धांवपट्टी लांबवितांना ती नदीवरून न्यावी लागली व नदीला खालून वाट द्यावी लागली. नदीचा प्रवाह विमानतळाच्या कडेनें जवळजवळ काटकोनांत वळविला गेला. त्याखेरीज कांठावर कारखाने झाले, झोंपड्या झाल्या, खाडीच्या तोंडाशीं भराव पडले, कचरा पडला. कोणा एकट्याचा हा अपराध नव्हे. प्रत्येकानें आपल्यापुरती थोडीशी जागा नदीकडून मागून घेतली, आणि नदीला 'नाहीं' म्हणतां येत नव्हतें.

२६ जुलै २००५ रोजीं नदीनें उत्तर दिलें. त्या दिवशीं चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेंत ९४४ मिलिमीटर, म्हणजे सदतीस इंच पाऊस मोजला गेला. दक्षिणेस कुलाब्याला त्याच अवधींत तीन इंचांहूनहि कमी पाऊस होता. यावरून तो पाऊस किती थोड्या जागेंत कोसळला याची कल्पना यावी. समुद्राला भरती होती. मिठीचें पाणी पुढें सरेना. तें आपल्या जुन्या मैदानांत पसरलें. कुर्ला, कलिना, वांद्रें यांच्या वस्त्या बुडाल्या. विमानतळ एक दिवसाहून अधिक काळ बंद पडला, आणि धांवपट्ट्या तळ्यासारख्या दिसूं लागल्या. त्या अतिवृष्टींत महाराष्ट्रांत एक हजाराहून अधिक माणसें मृत्यु पावलीं. ज्या नदीचें नांव मुंबईंतल्या पुष्कळ लोकांनीं ऐकलेंहि नव्हतें, ती एका रात्रींत सर्वांच्या तोंडीं झाली.

या आपत्तीची कारणें शोधण्यासाठीं राज्य सरकारनें जी सत्यशोधन समिति नेमली, तिचे अध्यक्ष माधवराव चितळे होते. यवतमाळच्या वाचकाला हें नांव आपलेपणानें आठवावें, कारण त्यांचा जन्म १९३४ सालीं यवतमाळचा. शिक्षण चाळीसगांव व पुणें येथें झालें. पाण्याच्या शास्त्रांत व कारभारांत त्यांनीं आयुष्य वेंचलें, आणि १९९३ सालीं त्यांना स्टॉकहोमचा जलपुरस्कार मिळाला. मिठीच्या प्रवाहांत विमानतळाजवळ आलेले अडथळे व वळणें, पात्राचा संकोच, कांठावरील अतिक्रमणें, या गोष्टींची चिकित्सा त्या चौकशींत झाली. त्याच वर्षीं मिठी नदीच्या विकासासाठीं व संरक्षणासाठीं स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झालें आणि पात्र रुंद व खोल करण्याचीं कामें हातीं घेण्यांत आलीं. त्रेसष्ट वर्षांपूर्वीं घाईनें केलेल्या एका निवडीचा हिशेब, वर्धा व पैनगंगा या नद्यांच्या मधल्या पठारावर जन्मलेल्या एका अभियंत्याला तपासावा लागला, हा योगायोग लक्षांत राहण्यासारखा आहे.

१९४२ सालच्या माणसांना दोष देणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. शत्रु दाराशीं असतां नदीच्या शंभर वर्षांच्या वागणुकीचा अभ्यास करीत बसण्यास कोणाला उसंत नसते. त्यांनीं सपाट जमीन पाहिली व विमानें उतरविलीं. प्रश्न त्यांच्यानंतरच्यांचा आहे. युद्ध संपलें तेव्हां उसंत होती. विमानघर हातीं आलें, तेव्हां त्याचा उपयोग कसा करावा हा विचार झाला, आणि तो उत्तम झाला. परंतु त्या विमानघराखालची जमीन कोणाची, ती आणखी किती भार सोशील, शेजारून वाहणाऱ्या पाण्याला पावसाळ्यांत किती वाट लागते, हा विचार करण्याचें काम प्रत्येक पिढीनें पुढच्या पिढीकडे ढकललें. तात्पुरत्या छपराची डागडुजी होऊं शकते, तें सोडवून दुसरीकडे नेतां येतें. बेलमनच्या पोलादी कैच्या तर त्यासाठींच केलेल्या होत्या. जागा मात्र एकदां निवडली कीं ती सोडवून नेतां येत नाहीं.

विदर्भांत नव्या धांवपट्ट्या, नव्या वसाहती आणि रुंद रस्ते यांचीं कामें होत असतात. यवतमाळलाहि धांवपट्टी आहे. उन्हाळ्यांत कोरडा ठणठणीत दिसणारा नाला नकाशावर पुसून टाकणें फार सोपें असतें. त्या वेळीं त्यांत गुरेंहि पाणी प्यावयास उतरत नाहींत. गांवांतील म्हाताऱ्या माणसांना मात्र ठाऊक असतें, कोणत्या सालीं पाणी कोणत्या पारापर्यंत चढलें होतें. कोठेंहि सपाट, स्वस्त व सोयीची जमीन सांपडली आणि काम निकडीचें असलें, तर मोजणीची सांखळी टाकण्यापूर्वीं त्या म्हाताऱ्यांना एकदां विचारून घ्यावें. मिठीकांठच्या विमानघरांपासून घेण्यासारखा हा व्यवहार आहे, आणि त्याला फारसा खर्चहि येत नाहीं.